समूह कोणाचा? ‘द सिटाडेल’ आणि ट्रेडेगरचा डॉक्टर

ए. जे. क्रोनिन यांची ‘द सिटाडेल’ ही कादंबरी १९३७ साली लंडनच्या व्हिक्टर गोलान्झ यांनी प्रसिद्ध केली. एक तरुण, ध्येयवादी डॉक्टर वेल्सच्या खाणगावात येतो, तेथून लंडनला जातो, पैशाच्या मागे लागून बिघडतो आणि मोठी किंमत मोजून सावरतो, असे तिचे कथानक आहे. पुढच्याच वर्षी किंग व्हिडोर यांनी तिच्यावर चित्रपट काढला. हिंदीत विजय आनंद यांनी १९७१ साली ‘तेरे मेरे सपने’ केला, त्याचाही आधार हीच कादंबरी. आज ती वर्गात फारशी कोणी शिकवत नाही. मात्र तिच्याविषयी एक वाक्य हमखास ऐकू येते : ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या जन्माला ही कादंबरी कारणीभूत झाली. साहित्याच्या अध्यापकांना असे वाक्य प्रिय असते, कारण त्यामुळे आपल्या विषयाला थोडी ऐट येते.

पण क्रोनिन ज्या गावात डॉक्टर होते त्या गावाचा इतिहास आणि ही कादंबरी शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर या वाक्यातला सरळपणा टिकत नाही. कादंबरीने ज्या संस्थेवर कोरडे ओढले, नेमकी तीच संस्था आरोग्यसेवेचा नमुना ठरली. आणि कादंबरीने शेवटी जो उपाय सुचवला तो त्या संस्थेच्या अगदी उलट दिशेचा होता. दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे, ‘समूह’. कादंबरीतला समूह डॉक्टरांचा आहे. गावातला समूह रोग्यांचा होता. आम्हांला येथे या फरकाविषयी लिहायचे आहे.

आपल्या गावात डॉक्टर कोण, हा प्रश्न आज साधा वाटतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तो साधा नव्हता. औषध देणारा, हाड बसवणारा, दात उपटणारा, विद्यापीठाची पदवी घेतलेला आणि कसलीच पदवी नसलेला, हे सारे एकाच रस्त्यावर पाट्या लावून बसत. १८५८ च्या वैद्यक कायद्याने एक नोंदवही सुरू केली. उपचाराची गरज असलेल्या माणसाला पात्र वैद्य आणि अपात्र वैद्य यांतला भेद कळावा, हा हेतू त्या कायद्याच्या आरंभीच नोंदला आहे. म्हणजे डॉक्टर शोधण्याची आधुनिक गोष्ट एका यादीपासून सुरू होते. (हीच कल्पना आपल्याकडे १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने आली.) परंतु यादीने पात्रता कळते, परवडते की नाही ते कळत नाही, आणि यादीतला माणूस आपल्या गावात येईलच असेही नाही.

त्या काळी डॉक्टरकी ही विकत घेण्याची वस्तू होती. निवृत्त होणारा डॉक्टर, किंवा मृत डॉक्टरची विधवा, आपली ‘प्रॅक्टिस’ विकत असे. म्हणजे दवाखान्याची जागा, कपाटे आणि मुख्य म्हणजे रोग्यांचा राबता. कादंबरीचा नायक अँड्र्यू मॅन्सन लंडनच्या पॅडिंग्टन भागात अशीच एक मोडकळीला आलेली प्रॅक्टिस घेतो. रोगी एका अर्थाने दुकानाच्या मालाबरोबर हस्तांतरित होत, आणि त्यांना कोणी विचारत नसे. ज्यांच्याकडे भांडवल नसे ते तरुण डॉक्टर दुसऱ्याच्या हाताखाली ‘असिस्टंट’ म्हणून राबत. मॅन्सनची पहिली नोकरी अशीच आहे. मूळ डॉक्टर अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला, काम सारे मॅन्सनचे, आणि पैसा मोजून घेणारी त्या डॉक्टरची बायको. कादंबरीतला हा भाग अतिशय जिवंत उतरला आहे. अनुभवाशिवाय असे लिहिता येत नाही.

ट्रेडेगर हे दक्षिण वेल्समधले लोखंड आणि कोळशाचे गाव. १८९० साली तेथे कामगारांची ‘मेडिकल एड सोसायटी’ उभी राहिली. वर्गणी मजुरीतून कापली जाई, पौंडामागे तीन पेनी. त्या वेळचा पौंड दोनशे चाळीस पेन्यांचा. म्हणजे मजुरीच्या सव्वा टक्का. या पैशातून सोसायटी डॉक्टर नेमी, औषधे देई आणि मुख्य म्हणजे कामगाराबरोबर त्याच्या बायकामुलांनाही पाहत असे. हे ‘मुख्य म्हणजे’ आम्ही मुद्दाम लिहितो. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने सरकारने कामगारांसाठी डॉक्टरांची यादी, ज्याला पुढे ‘पॅनेल’ म्हणू लागले, तयार करवली आणि तिच्यातून आपला डॉक्टर निवडण्याचा हक्क विमेदाराला दिला. पण तो हक्क विमा उतरवलेल्या कामगारापुरता होता. घरातली आजारी बायको त्या यादीबाहेर राहिली. ट्रेडेगरमध्ये ती आत होती.

१९०४ मध्ये गावाचे लहानसे रुग्णालय झाले. पुढे सोसायटीची व्याप्ती इतकी वाढली की गावातली बहुसंख्य कुटुंबे तिच्या छत्राखाली आली. १९४० च्या दशकात तिच्या नोकरीत पाच डॉक्टर, एक सर्जन, दोन औषधनिर्माते, एक फिजिओथेरपिस्ट, दंतवैद्य आणि घरोघर जाणारी एक परिचारिका एवढी माणसे होती. वैद्यकातली वेगवेगळी कौशल्ये एका छपराखाली, ठरलेल्या पगारावर, एकमेकांना रोगी पाठवीत काम करतात, याला आजच्या परिभाषेत आपण ‘ग्रुप प्रॅक्टिस’ म्हणू. फक्त या ग्रुपचे मालक डॉक्टर नव्हते. डॉक्टरांची मुलाखत घेणारे, नेमणूक करणारे आणि वेळ पडली तर जाब विचारणारे लोक खाणीतून वर आलेले असत.

या सोसायटीचे सचिव १९१५ पासून वॉल्टर कॉनवे होते. पोरके कॉनवे अनाथांच्या सरकारी आश्रयगृहात वाढले; पुढे ते गावातल्या वाचनमंडळांचे आणि वादसभांचे आधार झाले. तोतरे बोलणाऱ्या एका तरुण खाणकामगाराला, एखादी गोष्ट बोलता येत नसेल तर ती तुला अजून कळलेलीच नाही, अशा अर्थाचा सल्ला त्यांनी दिल्याचे सांगतात. तो तरुण म्हणजे १८९७ साली ट्रेडेगरमध्येच जन्मलेला अन्युरिन बेव्हन. कादंबरीत ओवेन नावाचा जो शांत, वाचन करणारा, न्यायी सचिव आहे त्याच्यामागे कॉनवे असावेत, असे अनेकांनी मानले आहे, आणि आम्हांलाही ते पटते.

क्रोनिन ग्लासगो विद्यापीठातून १९१९ साली डॉक्टर झाले आणि १९२१ ते १९२४ या काळात दक्षिण वेल्समध्ये होते. त्यांतला काही काळ ट्रेडेगरच्या सोसायटीच्या नोकरीत गेला. बेव्हन १९२१ मध्ये लंडनच्या कामगार महाविद्यालयातून परतला होता आणि बेकार होता. म्हणजे एकाच गावात, एकाच सुमारास, एक तरुण डॉक्टर सोसायटीकडे नोकराच्या बाजूने पाहत होता आणि एक तरुण कामगार मालकाच्या बाजूने. दोघांना दोन वेगळ्या संस्था दिसल्या, यात आश्चर्य नाही.

क्रोनिन यांना काय दिसले ते कादंबरीतल्या ‘अबरलॉ’ या गावात आहे. तेथे रोगी आपले कार्ड घेऊन मनाला येईल त्या डॉक्टरकडे जातो, आणि रुसला तर ते कार्ड काढून घेतो. मॅन्सन एका धडधाकट माणसाला आजारपणाचा खोटा दाखला देण्याचे नाकारतो; तो माणूस कार्ड परत मागतो. डॉक्टरच्या उत्पन्नाची दोरी अशी रोग्याच्या हाती. त्यातून मुख्य डॉक्टर लुएलिन प्रत्येक असिस्टंटच्या पगारातला पाचवा हिस्सा स्वतःकडे ठेवतो. मॅन्सन इतरांना एकत्र करून याविरुद्ध उभे राहू पाहतो, तेव्हा ऐनवेळी सहकारी मागे सरतात. शेवटी समिती त्याला बोलावते ते गिनीपिगांवर परवान्याशिवाय प्रयोग केल्याच्या आरोपावरून. समितीच्या सभेचे हे दृश्य क्रोनिन यांनी अर्धे विनोदी आणि अर्धे कडू लिहिले आहे. समिती त्याला काढत नाही. तोच राजीनामा देतो.

हे चित्र खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. दाखल्यांचा दबाव, वशिला, अडाणी सभासदांचे हट्ट, हे सारे लोकशाही संस्थेत असते. आपल्याकडे गावच्या सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेला जो कधी बसला असेल त्याला अबरलॉची समिती परकी वाटणार नाही. आक्षेप आहे तो दृष्टिकोनाच्या एकेरीपणाला. कादंबरीत समितीचे सभासद बोलतात ते बहुधा टोळक्याने. त्यांच्यातल्या कोणाच्या घरात आपण शिरतो तेव्हा मॅन्सनच्या बरोबर, त्याची बॅग घेऊन. आजारी मुलाच्या आईला ‘आज डॉक्टरला देण्यासाठी पैसे लागणार नाहीत’ या जाणिवेने काय वाटत असेल, ते कादंबरीत नाही. तो आनंद नाट्यपूर्ण नसतो, आणि क्रोनिन यांना नाट्य लागते.

त्या गिनीपिगांचा संबंध धुळीशी आहे. खाणीतल्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, हे मॅन्सनला सिद्ध करायचे असते. क्रोनिन स्वतः १९२४ मध्ये खाणींचे वैद्यकीय निरीक्षक झाले आणि धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसविकारांविषयी त्यांनी लिहिले. दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी १९२५ मध्ये, बेव्हनचे वडील त्याच विकाराने वारले. नुकसानभरपाई मिळाली नाही, कारण कोळशाच्या धुळीने होणारा हा आजार त्या वेळी कायद्याने रोग म्हणून मान्यच नव्हता. ती मान्यता १९४३ मध्ये आली. डॉक्टर आणि खाणकामगार एवढ्या एका ठिकाणी समान जागेवर येतात. कादंबरीतही हाच भाग सर्वांत खरा आहे, आणि तो समितीच्या दृश्याला लागून आला आहे हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

आता कादंबरीचा शेवट. मॅन्सन पदवी नसलेल्या, पण क्षयाच्या उपचारात निष्णात अशा एका अमेरिकन माणसाला शस्त्रक्रियेत साहाय्य करतो. त्यासाठी नोंदवही सांभाळणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलपुढे त्याची चौकशी होते आणि तो सुटतो. १८५८ ची यादी येथे स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते, हे क्रोनिन यांचे कौशल्य मान्य करावे लागेल. त्यानंतर मॅन्सन, त्याचा मित्र डेनी आणि होप असे तिघे एका मध्यम गावात एकत्र दवाखाना काढायचे ठरवतात. डेनी शस्त्रक्रिया पाहील, मॅन्सन औषधोपचार आणि होप जंतुशास्त्र. एकट्या डॉक्टरच्या अज्ञानावर आणि लोभावर हा त्यांचा उतारा. तीन प्रामाणिक, हुशार माणसे, परस्परांवर नजर ठेवणारी. कादंबरीचा राजकीय आशय विचाराल तर तो एवढाच आहे. कोठेही वर्गणी नाही, सभासद नाहीत, सभा नाही.

याच काळात हा वाद अमेरिकेतही चालू होता, आणि तेथे त्याची दोन्ही रूपे फार स्पष्ट दिसतात. वैद्यकीय खर्चाचा पाच वर्षे अभ्यास केलेल्या एका समितीने १९३२ मध्ये आपला अंतिम अहवाल दिला आणि डॉक्टरांनी गटाने काम करावे, खर्च विम्याने किंवा कराने वाटून घ्यावा, असे सुचवले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने या कल्पनेला ‘सोव्हिएत’ ठरवून झोडपले. पण हा झाला डॉक्टरांचा गट. त्याआधीच, १९२९ मध्ये, ओक्लाहोमातल्या एल्क सिटी येथे लेबनॉनमधून आलेल्या मायकेल शदीद या डॉक्टरने शेतकऱ्यांना पन्नास-पन्नास डॉलरचे भाग घ्यायला लावून सहकारी रुग्णालय काढले. त्यावर स्थानिक डॉक्टरांच्या संघटनेने काय केले? संघटना विसर्जित केली आणि काही काळाने शदीदना वगळून पुन्हा स्थापन केली. डॉक्टरांनी एकत्र येणे हे एक वेळ व्यवसायाला सोसते. रोगी एकत्र येऊन डॉक्टर नेमतात हे मात्र सोसत नाही. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनही आपल्या नियतकालिकातून, अमुक गावच्या सोसायटीची नोकरी धरण्यापूर्वी आमच्याशी बोला, अशा इशारेवजा सूचना डॉक्टरांना देत असे.

बेव्हन १९४५ मध्ये आरोग्यमंत्री झाला. ट्रेडेगरमध्ये जे आम्हांला मिळत होते तेच साऱ्या देशाला देतो आहोत, सर्वांचे ‘ट्रेडेगरीकरण’ करणार आहोत, असे उद्गार त्याच्या नावावर आहेत. ५ जुलै १९४८ रोजी सेवा सुरू झाली. त्याआधी घरोघर एक पत्रक गेले : आपला डॉक्टर आताच निवडा. अर्ज पोस्टात मिळत होता. १९११ च्या यादीबाहेर राहिलेली बायको, म्हातारी आई, लहान मुले, सारी आता यादीत होती. प्रॅक्टिसची खरेदी-विक्री कायद्याने बंद झाली आणि तिच्या मोबदल्यापोटी डॉक्टरांसाठी ६ कोटी ६० लाख पौंड बाजूला ठेवण्यात आले. रोगी दुकानाच्या मालातून वगळले गेले, ही गोष्ट आम्हांला त्या कायद्यातली सर्वांत सुंदर तरतूद वाटते, जरी तिच्याविषयी फार कोणी बोलत नाही.

पण ट्रेडेगरचे सर्व काही देशाला मिळाले नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने घेतलेल्या मतदानात प्रचंड बहुसंख्य डॉक्टर या सेवेच्या विरोधात गेले. तडजोडीत बेव्हनने पगारी डॉक्टरची कल्पना सोडली. गावातला डॉक्टर सरकारशी करार केलेला स्वतंत्र व्यावसायिक राहिला आणि त्याला यादीतल्या डोक्यांवर पैसे मिळू लागले. १९४६ च्या कायद्यात आरोग्यकेंद्रे होती, १९२० च्या डॉसन अहवालापासून त्यांचे नकाशे कागदावर होते. प्रत्यक्षात पहिल्या पंधरा वर्षांत ती फारच थोडी बांधली गेली. आणि वर्गणीदारांची समिती? तिची गरजच उरली नाही. पैसे राज्याचे, डॉक्टर स्वतंत्र, सभासदाचा झाला रोगी. ट्रेडेगरच्या ज्या अंगाची क्रोनिन यांनी टर उडवली होती तेवढेच अंग नेमके गळाले.

ग्रुप प्रॅक्टिस आली ती नंतर, आणि आली ती मॅन्सन-डेनी-होप यांच्या पद्धतीने. १९६६ च्या नव्या करारात डॉक्टरांना जागेचे भाडे आणि परिचारिका, लिपिक यांच्या पगाराचा परतावा मिळू लागला, एकत्र काम करणाऱ्यांना वेगळा भत्ता मिळाला. एकट्या डॉक्टरची बैठकीची खोली मागे पडून चार-सहा भागीदारांचे केंद्र हे रूढ रूप झाले. त्याने वैद्यक सुधारले, यात शंका नाही. रात्रपाळी वाटली गेली, नोंदी नीट राहू लागल्या. मात्र भागीदार कोण असावेत हे भागीदार ठरवीत.

त्याचा परिणाम दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांत उलटा दिसला. खाणी बंद पडत गेल्या, म्हातारे आणि धुळीचे रोगी उरले, आणि तेथे यायला स्थानिक पदवीधर तयार होईनात. ग्लिनकोरुग या खाणगावात काम करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने १९७१ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आपला ‘व्यस्त सेवेचा नियम’ मांडला : जेथे गरज जास्त तेथे चांगली सेवा कमी. या मोकळ्या जागा ज्यांनी भरल्या त्यांत भारतीय उपखंडातून गेलेले डॉक्टर मोठ्या संख्येने होते. भारतीय पदव्यांना तेथील नोंदवहीत १९७५ पर्यंत मान्यता होती. शहरातल्या प्रतिष्ठित भागीदाऱ्यांची दारे मात्र त्यांना सहज उघडत नसत. म्हणून ते खोऱ्यांत गेले, पुष्कळदा एकेकटे. क्रोनिन यांचा नायक जेथून सुटून लंडनला पळाला, तेथे हे डॉक्टर आयुष्यभर राहिले. त्यांच्यावर कोणी ‘सिटाडेल’ लिहिली नाही.

‘तेरे मेरे सपने’ पाहणाऱ्याच्या मनात खाणगाव राहते, देव आनंद आणि मुमताज राहतात, सचिन देव बर्मन यांची चाल राहते. डॉक्टरचे पतन आणि पश्चात्ताप ही आपल्या प्रेक्षकाला चटकन समजणारी गोष्ट आहे. गंमत अशी की ज्या मुंबईत तो चित्रपट पाहिला गेला तेथे १९११ च्या ब्रिटिश पॅनेलची थेट वंशज अशी एक व्यवस्था तेव्हा गिरणगावात चालू होती. राज्य कर्मचारी विमा कायदा १९४८ चा. मुंबईत योजना १९५४ मध्ये लागू झाली आणि येथे, सरकारी दवाखान्यांऐवजी, यादीतल्या खाजगी डॉक्टरांकडे कामगारांनी नावे नोंदवायची अशी पद्धत स्वीकारली गेली. गिरणी कामगार आपल्या चाळीजवळचा डॉक्टर निवडी, आणि डॉक्टरला त्याच्या यादीतल्या डोक्यांमागे पैसे मिळत. रजेसाठी दाखला त्याच डॉक्टरकडून घ्यावा लागे. मॅन्सनला कार्ड परत मागणारा तो धडधाकट माणूस परळ-लालबागच्या ‘पॅनेल डॉक्टर’ला अनोळखी नव्हता. वर्गणी येथेही मजुरीतून कापली जात होती. मात्र डॉक्टरला नेमणारी, त्याला समोर बसवून प्रश्न विचारणारी, चुकणारी आणि भांडणारी कामगारांची समिती या योजनेत पहिल्यापासूनच नव्हती.